कुरकुरणारी मोटर

आमच्या विद्याधरला घरात काही सुटं दिसलं की ते बांधल्याशिवाय चैन पडत नाही. खिडकीचा पडदा, अंगणातल्या नळाची नळी, तुळशीला दिलेली काठी, एकदा तर माझ्या चष्म्याची दांडी, सगळं त्याच्या निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं बांधलेलं. हे एवढं रीळ आहे त्याच्याकडे, आणि गाठ अशी मारतो की ती सोडवायला पुढची पिढी जन्माला यावी लागेल. रेल्वेच्या कारखान्यात मालगाडीच्या वाघिणी जोडून जोडून हाताला खोड लागली म्हणा. माणूस वाईट नाही. माझा मुलगा आहे, वाईट कसा असेल? पण सुटं म्हणून काही त्याला बघवत नाही.

आणि त्याच्या पोटी आली मयुरा, जी पाळण्यातसुद्धा दुपट्यातून पाय बाहेर काढून झोपायची.

मयुरा सोलर पंपाच्या कंपनीत आहे. खेड्यापाड्यांत बसवलेले पंप तपासत फिरते. आज बबीना, उद्या चिरगाव, परवा मोंठ. त्यासाठी तिनं गेल्या वर्षी आपल्या कमाईनं मोटरसायकल घेतली. स्कूटी नाही हो, मोटरसायकल. चांगली म्हशीएवढी, काळीभोर. झाशीत प्रेम नगरच्या आमच्या गल्लीत ती पहिल्यांदा तिच्यावर बसून आली, तेव्हा समोरच्या मिसराइन हातातलं लाटणं घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि आत त्यांची पोळी करपली. मला वास आला. फार बरं वाटलं, पण मी तसं कुणाला दाखवलं नाही.

तर गुरुवारी ही म्हैस चिरगावच्या रस्त्यावर बसली.

त्याचं असं आहे. या गाडीचं इंजिन पाण्यानं थंड होतं. पुढच्या चाकामागे जाळी असते, तिच्यातून पाणी फिरतं, आणि जाळीच्या मागे पात्यांचा पुरीएवढा पंखा. त्याला इवलीशी विजेची मोटर. पाणी तापलं की पंखा आपोआप सुरू व्हायचा आणि वारा घालायचा. तो झालाच नाही. वैशाखाची दुपार, झाशीचं ऊन, लाल दिवा लागला, पाणी उकळलं आणि वाफ निघाली. पोरीनं बापाला फोन केला. विद्याधर काम टाकून कुणाचा तरी छोटा टेम्पो घेऊन गेला आणि गाडी अन् मुलगी दोन्ही घेऊन आला.

शुक्रवारी सीपरी बाजारातल्या मिस्त्रीला दाखवली. पंख्याचा फ्यूज उडाला होता. त्यानं नवा घातला, गाडी तापवली, तोही उडाला. "अंकल जी, मोटर फुँक गई. बाहर से मँगानी पड़ेगी, कब आएगी भगवान जाने," असं म्हणून त्यानं हात पुसले. विद्याधरनं घरी येऊन स्वतःचं मीटर लावलं, आकडे बघितले आणि मान हलवली. मला तर वाटलं, मान जरा खुशीतच हलली.

त्या रात्री पानावर बसल्यावर तो म्हणाला, "गाडी विकायची. जयदीपशी बोललोय. रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जाईल."

जयदीप म्हणजे जुन्या गाड्या घेऊन विकणारा माणूस. मयुराचा घास हातातच राहिला. "बाबा, मी नवीन मोटर मागवते ना. तोपर्यंत सुबह-सुबह जाऊन येईन, ठंडे में."

"काही गरज नाही. सदर बाजारच्या ऑफिसात टेबलाचं काम आहे म्हणाली होतीस. ते घे. पंख्याखाली बस."

"टेबलावर गेले की गाववालं काम दुसऱ्याला देतील. फिर कभी नाही मिळणार."

"मग नाही मिळणार."

पोरीचे डोळे भरले. माझ्या घरात जेवताना रडायची पद्धत नाही, म्हणून मी मध्ये पडले. "आणि पंखा फिरला तर?"

"कुठला?"

"गाडीचा. सदर बाजारातला कशाला विचारू?"

"नाही फिरणार, आई. मोटर जळलीय. मी मीटर लावलंय."

"मी ते नाही विचारलं. फिरला तर?"

"फिरला तर राहू दे गाडी," असं म्हणून तो हात धुवायला उठला.

मी सुनेकडे बघितलं. "कांचन, ऐकलंस ना?"

"मी आमटी वाढत होते, आई," कांचन म्हणाली. या घरात ती एवढी वर्षं अशीच टिकली आहे.

रविवारी सकाळी मयुरा अंगणात गाडीपुढे मांडी घालून बसली. पाने, पक्कड, वायरी, सगळा पसारा. मी शेजारी विळीवर कैऱ्या चिरायला बसले. विद्याधर खाटेवर पेपर वाचत होता. पेपर उलटा नव्हता एवढंच.

मयुरानं किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं. मी वाकून बघितलं. "हा तर फिरतच नाही."

"आजी, वो हमेशा नाही फिरत. पाणी गरम झालं की फिरतो. कूलर थोडी आहे."

मला ते लागलं. या घरातला कूलर माझ्या ताब्यात आहे, त्याच्या वाटेला कुणी जात नाही. थोड्या वेळानं म्हटलं, "माठातलं पाणी ओत की वरून. गार होईल."

"गरम लोहे पे थंड पाणी? तडकेल ना आजी."

पेपरामागून हसल्याचा आवाज आला. दोनदा तोंडावर पडल्यावर शहाण्या बाईनं कैऱ्या चिराव्यात. मी चिरू लागले.

मयुरानं इंजिन बंद केलं. मग तिनं पंख्याच्या वायरीचा जोड सुटा केला आणि बॅटरीकडून दोन वायरी सरळ त्याच्यापर्यंत आणल्या. गावात पंप बंद असला की ती हेच करते म्हणाली. मधलं सगळं सोडून मोटरला थेट वीज द्यायची, म्हणजे कळतं की रोग मोटरीत आहे का रस्त्यात. तिनं वायर टेकवली. बारीकशी ठिणगी उडाली आणि आवाज आला, गुंऽऽऽ. पाती जागची हलली नाहीत.

"बघ," विद्याधर पेपर न उतरवता म्हणाला. "गेली मोटर."

मयुरानं वायर काढली. खांदे पडले तिचे.

माझा हात मात्र विळीवर थांबला होता. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. "परत लाव," मी म्हटलं.

"आजी, वायर गरम होतेय."

"एकदाच. माझ्यासाठी."

गुंऽऽऽ.

आमचा लोखंडी कूलर विद्याधरच्या लग्नाच्या वर्षी आला. दर वैशाखात तो माळ्यावरून उतरतो आणि पहिल्या दिवशी रुसतो. एका वर्षी असाच गुंगुं करत बसला. आमचे हे म्हणाले, मोटर जळली, फेकून दे. मी काठी घालून पातं ढकललं तर काठीच मोडली. मग आत हात घालून बघितलं, तर होल्याच्या जोडीनं घरटं केलेलं, काड्या आणि चिंध्या दांड्याभोवती पिळून बसलेल्या. त्या उपसल्यावर तो जो सुरू झाला, तो अजून चालतोय. हे गेले, कूलर आहे.

"विद्या," मी म्हटलं, "जळलेली मोटर बोलत नाही. वास मारते आणि गप्प बसते. ही कुरकुरतेय. कुरकुरतं त्याच्यात जीव असतो."

"हे मात्र अगदी खरं, आई," स्वयंपाकघरातून कांचनचा आवाज आला. तिच्या बोलण्याचा सूर मला कळला. वेळ नव्हता म्हणून सोडून दिला.

"आई, फ्यूज दोनदा उडालाय," विद्याधर म्हणाला. "उगाच उडतो का फ्यूज?"

"मी कुठं उगाच म्हणते? कुणीतरी तिला धरून ठेवलंय. ती जोर लावतेय, फिरता येत नाही, आणि सगळा जोर त्या बिचाऱ्या फ्यूजवर निघतोय. तू कारखान्यातून चिडून येतोस तेव्हा आमचं होतं तसं."

विद्याधरनं पेपर खाली ठेवला. शिकलेला आहे तो, समजतं त्याला. पण समजलं की त्याच्या तोंडावर दुखल्यासारखं दिसतं. "जॅम असू शकते," तो हळूच म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "पण ते बघायला जाळी सैल करावी लागेल. मयुराला नाही जमणार."

"मग तू कर."

"मी?"

"का? वाघिणी जोडतोस, पुरीएवढा पंखा निघत नाही?"

तो उठला. माझ्या मुलाला मी ओळखते. ती गाडी घरातून जावी असं त्याला मनापासून वाटत होतं, पण बोल्ट समोर दिसला की त्याचा हात राहत नाही. इंजिन गार होईपर्यंत थांबला, जाळीचे बोल्ट ढिले केले, जाळी पुढे ओढून धरली आणि मागून पंखा मोटरीसकट बाहेर काढला. मयुरानं टॉर्च धरला होता. बापलेकीची डोकी एकमेकांना लागली तरी दोघांना कळलं नाही.

विद्याधरनं पात्याला बोट लावलं. हललं नाही. जोर लावला. तसूभर सरकलं आणि परत आलं. पातं आणि मोटर यांच्या मध्ये दांड्यावर काहीतरी कडक, काळपट, वेटोळं घालून बसलं होतं.

"प्लास्टिक पिघळलंय का?" मयुरानं विचारलं.

"मला दाखव." मी आतून माझी क्रोशाची सुई आणली. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला मिसराइनच्या गच्चीवरचा कावळा काय खातो तेसुद्धा दिसतं. सुईचा आकडा त्या वेटोळ्यात घातला, खाजवलं, आणि एक टोक सुटं झालं. ते ओढलं. आलं. आणखी ओढलं, आणखी आलं. वरचा थर उन्हानं आणि तेलानं काळा पडलेला, आतला मात्र नवाकोरा. निळा. नायलॉनचा.

त्याच्यात वाळून कुरकुरीत झालेली झेंडूची एक पाकळी अडकलेली.

कांचन पळी हातात घेऊन बाहेर आली. तिनं दोऱ्याकडे बघितलं, मग खिडकीच्या पडद्याकडे, मग नळाच्या नळीकडे, मग तुळशीकडे. शेवटी माझ्या चष्म्याकडे. आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आत भांडं पडलं. हसता हसता पडलं असणार.

मला खंडेनवमी आठवली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळी, कात्री, विद्याधरचे पाने, माझं शिलाई मशीन, माळ्यावर कूलर आहे म्हणून त्याच्या नावानंही एक फूल. गेल्या खंडेनवमीला मयुराची मोटरसायकल पहिल्यांदा पूजेला उभी होती. झेंडूची माळ विद्याधरनं स्वतः ओवली. साध्या दोऱ्यात ओवली असती तर बापाचं समाधान कसं व्हायचं? नायलॉनमध्ये ओवली, तुटू नये म्हणून. वाऱ्यानं फडफडू नये म्हणून खालचं टोक जाळीच्या मागून घेतलं आणि आपली ती गाठ मारली. चार दिवसांनी फुलं सुकली, मयुराला गाठ सुटेना, तिनं ओढून माळ तोडली. शेपूट मागे राहिलं. ते पंख्यानं गिळलं असणार. मग थंडी आली. थंडीत गाडी तापत नाही, पंखा लागत नाही, कुणाला काय कळतंय! वैशाख आला आणि बिंग फुटलं.

"बाबा," मयुरा म्हणाली. "हे तो..."

"रस्त्यावर काय काय पडलेलं असतं," विद्याधर म्हणाला. "एखाद्या ट्रकची माळ असेल."

"असेल बाई," मी म्हटलं. "ट्रकवाले झाशीत येतात आणि तुझ्या रिळातला दोरा मागून नेतात."

त्याचे कान लाल झाले. लहानपणी लाडू चोरला की असेच व्हायचे. मी आणखी बोलणार होते, पण त्यानं माझ्या हातून सुई घेतली आणि उरलेला दोरा स्वतः काढायला बसला. शेवटचा धागा निघेपर्यंत मान वर केली नाही. दांड्यावर तेलाचा थेंब सोडला, पातं फिरवून बघितलं. फिरलं. मयुरानं वायर टेकवली, आणि तो पंखा असा फिरला की खाटेवरचा पेपर उडून तुळशीत गेला.

"हे हातातलं झालं," विद्याधर म्हणाला. "गाडीत बसवून, तापवून, आपोआप फिरला तर खरं."

"तेच ठरलंय," मी म्हटलं.

सगळं परत बसवेपर्यंत दुपार कलली. नवा फ्यूज घातला. मयुरानं इंजिन सुरू केलं आणि आम्ही गाडीभोवती उभे राहिलो. तापमानाचा काटा सरकू लागला. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तसे आम्ही. काटा अर्ध्यावर आला. पंखा गप्प. अर्ध्याच्या वर गेला. पंखा गप्प.

"बंद करू का?" मयुराचा आवाज बारीक झाला.

"थांब," विद्याधर म्हणाला. तो काट्याकडेच बघत होता. तसाच बघत बोलला, "त्या दिवशी तू एवढंच म्हणालीस, गाडी बंद पडली. आणि मग तुझा फोनही बंद."

"बैटरी संपली होती, बाबा."

"ते मला तिथे पोचल्यावर कळलं. चिरगावपर्यंत मला ते कुठं माहीत होतं?"

माझ्याकडे बोलायला होतं, पण मी कैरीची एक फोड तोंडात टाकली.

काटा लाल रेषेपाशी टेकायला आला, आणि आतून आवाज आला, घुर्रर्र. गरम वाऱ्याचा झोत माझ्या पायांवर आला. काटा थबकला, थरथरला, आणि उतरू लागला. मयुरानं मला अशी मिठी मारली की माझ्या लुगड्यावर ग्रीसचे पाच बोटांचे ठसे उमटले. ते अजून निघालेले नाहीत.

नेमका तेव्हाच जयदीप फाटकातून आत आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, पंख्याचा आवाज ऐकला, आणि खूश झाला. "वाह अंकल जी! आपने तो कहा था पंखा ख़राब है. ये तो चकाचक है. एक राउंड लगा लूँ, फिर ले जाता हूँ."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पंखा फिरला की गाडी राहणार हे आम्हाला ठाऊक, जयदीपला थोडंच ठाऊक? दुरुस्त गाडी तर त्याला दुप्पट हवी. त्यानं सीटवर टांग टाकायला पाय उचलला. मयुरा बापाकडे बघत राहिली. मी फोड चावत राहिले, माझं काम मी केलं होतं.

विद्याधरनं पुढे होऊन हँडलवर हात ठेवला. "नहीं बेचनी."

"क्यों, अंकल जी?"

"ठीक हो गई."

"ख़राब थी तो बेच रहे थे, ठीक हो गई तो नहीं बेचेंगे? ऐसा कौन करता है?"

विद्याधरनं हँडल आणखी घट्ट धरलं. मला त्याची दया आली. "हमारे यहाँ सब ऐसा ही करते हैं, भैया," मी म्हटलं. "आम का पना पियोगे?"

तो दोन पेले पिऊन गेला. तिसरा मागत होता, पण मी गाळणं धुऊन ठेवलं होतं.

सोमवारी पहाटे मयुरा मोंठला निघाली. मी फाटकाशी आले तर विद्याधर आधीच तिथे होता. तिच्या सीटच्या मागच्या दांडीला पाण्याची मोठी बाटली बांधत होता. आणि शेजारी एक पिशवी, तिच्यात फोन चार्ज करायचा तो डबा. कशानं बांधत होता ते वेगळं सांगायला नको. निळा.

"विद्या," मी म्हटलं.

"अगं आई, बघ तरी." त्यानं दोऱ्याचं टोक मयुराच्या हातात दिलं. "ओढ."

तिनं ओढलं. गाठ अलगद सुटली. त्यानं पुन्हा बांधली, पुन्हा तिला ओढायला लावली. पुन्हा सुटली. मग तिसऱ्यांदा बांधून, टोक कुठं लोंबत नाही ना ते चाकाच्या बाजूनं वाकून बघितलं, जाळीच्या मागेही बघितलं, आणि बाजूला झाला.

"पोचलीस की फोन कर."

"हो बाबा."

"गाडी नाही बंद पडली तरी."

मिसराइन दारात उभ्या होत्या. मयुरा गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत तो फाटकात उभा राहिला. मी चष्मा काढून त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, "आता ही दांडी पण तशी बांधून दे." "बघतो संध्याकाळी," म्हणाला आणि कारखान्यात गेला. अजून बघतोच आहे.